थंड खळगा आणि चौऱ्याऐंशी सालची साखर

मी, वालबुर्गा बार्त्सेन, कै. निकोलाउस बार्त्सेन यांची मुलगी, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार मोसेल नदीकाठचे कालेनबाख, शेळीच्या पायऱ्यांवरचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डोक्याचा दाखला घ्यायला गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि म्हटले, "आता तुम्ही करून दाखवा." त्यांनी दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांचा होता ते मेले.

वकील म्हणाले की हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आपल्याकडे साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. माझ्या एका सहीने एकदा माझे आयुष्य नासले आहे. या वेळी मी सही करताना दोन माणसे समोर बसलेली असतील आणि त्यांनी वरचा मजकूर वाचलेला असेल.

१. माझे राहते घर, त्याखालचे तळघर, तळघरातली चार ओकची पिंपे, द्राक्षे दाबायचे जुने यंत्र, आणि गावामागच्या ओढ्याच्या खोऱ्यातला 'थंड खळगा' या नावाचा एकरभर द्राक्षमळा, हे सर्व मी श्रीमती हालिना वोइतास यांना देत आहे. हालिना पोलंडची. १९९१ पासून दर तोडणीला आमच्या गावी येते आणि गेली नऊ वर्षे इथेच राहते. माझ्या भावाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा गेरनोट, याचा माझ्या मिळकतीवर कायद्याने काही हक्क नाही. मी दोनदा विचारून खात्री केली आहे.

एवढे एक कलम लिहून मी थांबणार होते. पण हालिनाला हे सांगितले तेव्हा ती शेगडीपुढे बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "बाई, मला नको."

"का नको?"

"उद्या गाव म्हणेल, पोलंडहून आली आणि म्हातारीला गुंडाळून घर लाटलं."

"गाव मला पस्तीस वर्षं साखरवाली म्हणतंय. मेले का मी?"

"तुम्ही खोटं सोसलंत, बाई," ती म्हणाली. "मी कशाला सोसू?"

मी तिला कधी काही सांगितले नव्हते. अठ्ठावीस वर्षे माझ्याबरोबर पिंपे धुतल्यावर तिने ते स्वतःच ओळखले होते. म्हणून, हे घर आणि हा मळा तिच्याकडे का जातो आहे हे गावाला समजावे यासाठी, पुढचे सगळे लिहिणे भाग पडले. आईच्या पलंगाशी बसून मी गप्प राहायची शपथ घेतली होती. ती आज मोडते आहे.

२. माझा भाऊ लुडविन तेवीस वर्षांचा असताना मळ्याच्या बांधावरून डोक्यावर पडला. जखम भरली, पण तेव्हापासून त्याला वास येणे बंद झाले. दूध करपले तरी कळत नसे. ज्याला वास येत नाही त्याला वाइन करता येत नाही. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातले बहुतेक नाकाचे असते. वडिलांना हे माहीत होते. ते मला म्हणाले, "तुझं नाक त्याला मिळायला हवं होतं." मग सूर्यकडा, म्हणजे नदीवरचा दक्षिणेकडे तोंड केलेला आमचा मोठा मळा, त्यांनी लुडविनच्या नावे केला आणि तळघराची किल्ली माझ्या हाती दिली. जमीन त्याची, काम माझे. मी सत्तावीस वर्षांची होते आणि किल्ली मिळाली याचाच मला आनंद झाला होता. असा मूर्खपणा त्या वयात शोभतो.

बाटलीवर नाव लुडविनचे असे. उन्हाळ्यात कलोनहून, बॉनहून गिऱ्हाइके चव घ्यायला येत. मी पावाचे तबक घेऊन त्याच्या मागून जाई आणि जाता जाता पुटपुटे, "पिकलेलं पीच. पावसानंतरची दगडाची पाटी." तो पेला नाकाशी धरून डोळे मिटे आणि तेच शब्द सावकाश म्हणे. लोक माना डोलवत. मला एकदा हसू आले, तर रात्री जेवताना म्हणाला, "तुला मजा वाटते, बुर्गा. मी मात्र रोज मरतो." त्या वेळी मला त्याची दया आली. हेही लिहून ठेवते, कारण ते खरे आहे.

३. १९८४ साली ऊन पडलेच नाही. ऑक्टोबर संपत आला तरी सूर्यकड्यावरचे मणी हिरवे आणि टणक होते. साध्या दर्जाच्या वाइनमध्ये साखर घालायला आपल्याकडे परवानगी आहे. वरच्या दर्जात नाही, तिथे द्राक्षात असेल तेवढीच गोडी. मी लुडविनला म्हटले, यंदा सगळी साध्या दर्जात विकू. तो म्हणाला, "गिऱ्हाईक मला सूर्यकड्यासाठी ओळखतं. साधी वाइन ते दुकानातून घेतील."

नोव्हेंबरात माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. तीन आठवडे मी ट्रियरच्या दवाखान्यात होते. परत आले, तळघरात उतरले, तिसऱ्या पिंपातून घोटभर काढली आणि मला कळले. द्राक्षाची गोडी वेगळी आणि पोत्यातली वेगळी. मी वर जाऊन विचारले, "किती घातलीस?" तो म्हणाला, "पुरेशी."

जानेवारीत दर्जा मागायचे कागद आले. त्यावर तळघर सांभाळणाऱ्याची सही लागते. मी केली. कोणी हात धरून करवून घेतली नाही. या प्रकरणात माझी चूक एवढीच आहे, पण ती आहे, आणि ती मी इथे लपवत नाही.

४. त्याच फेब्रुवारीत मला एक पत्र आले होते. शेजारच्या सार नदीकाठच्या एका मोठ्या मळ्याच्या मालकांनी मला त्यांच्या तळघराची प्रमुख म्हणून बोलावले होते. एक मेपासून. आमच्या बाजूला तेव्हा एकही बाई त्या जागेवर नव्हती. माझी वाइन खरी कोण करते हे त्यांना कसे कळले, मला ठाऊक नाही. एकदा येऊन माझ्याशी अर्धा तास पिंपांबद्दल बोलले होते, तेवढ्यात ओळखले असेल. मी पत्र फक्त वहिनीला, म्हणजे लुडविनच्या बायकोला, रोस्वीथाला दाखवले. आम्ही दोघी ट्रियरला गेलो आणि माझ्यासाठी एक राखाडी लोकरी कोट घेतला. नव्या जागी पहिल्या दिवशी घालायला.

मार्चच्या शेवटी तपासनीस आले. त्यांनी नमुने घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हातात निकाल होता.

लुडविन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होता, ओला झाल्यासारखा. म्हणाला, "माझं नाव आलं तर मळा बुडाला. रोस्वीथा आहे, दोन लेकरं आहेत. तू एकटी आहेस, बुर्गा. तुझं काय जातंय?"

मी पत्राबद्दल बोलणार, तोच आतल्या खोलीतून आईने हाक मारली. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिने माझे मनगट धरले. हाडे होती नुसती, पण सुटेना. "त्याला लेकरं आहेत," ती म्हणाली. "कबूल कर आणि परत कधी तोंड उघडू नकोस. माझ्या गळ्याची शपथ." लुडविन दारात उभा होता. तो म्हणाला, "सूर्यकड्याचा अर्धा भाग तुझ्या नावे करीन. आईसमोर सांगतो."

मी कबूल केले. दंड झाला, आणि पाच वर्षे कुठल्याही तळघराची जबाबदारी घ्यायला मला बंदी झाली. सहा पिंपे गटारात ओतली. सगळ्या उतारावर तीन दिवस त्याचा वास होता. लुडविन सोडून सगळ्यांना आला. सारच्या मालकांचे दुसरे पत्र दोन ओळींचे होते.

५. पुढच्या वर्षी कार्निव्हलच्या मिरवणुकीत एक गाडी निघाली. गाडीवर पिंप, पिंपावर झगा घातलेला एक पुरुष, छातीला दोन उशा बांधलेल्या, आणि तो पोत्यातून लोकांवर साखर उधळत होता. लोक ओरडत होते, "साखरवाली, आम्हालाही घाल!" मी बेकरीच्या दारात उभी होते. समोरच्या पदपथावर लुडविन होता, खांद्यावर लहानगा गेरनोट. सगळे टाळ्या वाजवत होते. त्यानेही वाजवल्या. वाजवल्या नसत्या तर लोकांना संशय आला असता, असे नंतर म्हणाला. मी त्याच्याशी एक महिना बोलले नाही. पण त्याचे तळघर रोज सांभाळत होते, कारण बंदी कागदावर होती आणि नाक माझ्याकडेच होते.

६. बंदी संपली तेव्हा आई वारली होती. मी लुडविनला सूर्यकड्याच्या अर्ध्या भागाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "मळा तोडला तर दोन्ही अर्धे मरतात." आणि मला थंड खळगा दिला. नदीपासून लांब, ईशान्येकडे तोंड, दुपारी तीनला सावली. वडील म्हणायचे तिथे शेळ्यासुद्धा थांबत नाहीत. द्राक्षे तीन वर्षांतून एकदा पिकत. कागदावर सही करताना लुडविन गमतीने म्हणाला, "तुला गारवा आवडतो ना."

मी त्या दिवशी त्याची किल्ली टेबलावर ठेवली. त्यानंतर सूर्यकड्याची वाइन त्याने पगारी माणसे ठेवून केली. ती वाईट नव्हती. तिच्यात सांगण्यासारखे काही नव्हते, एवढेच.

७. आता हालिनाबद्दल. १९९१ च्या तोडणीला ती लुडविनकडे कामाला आली. चोवीस वर्षांची, पायात नवऱ्याचे बूट. रविवारी सगळे कामगार झोपायचे, तेव्हा ही खळग्यावर चढून आली आणि न विचारता माझ्या शेजारच्या ओळीत तोडू लागली. तळघरात मी तिला दोन पेले दिले. तिने वास घेतला, दुसरा पेला परत केला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "यात उंदीर." त्या पिंपाची एक फळी आतून कुजली होती. मला ते कळायला दोन दिवस लागले होते.

वीस वर्षे आम्ही आंबट वाइन केली. फेसाळ वाइन बनवणाऱ्यांशिवाय ती कोणी घेत नसे. कोसळलेले बांध आम्ही दोघींनी हाताने रचले. एकेका खुंटाला एकेक वेल, असे दोन हजारांवर खुंट बदलले. तिचा नवरा तिकडे दुसऱ्या बाईबरोबर राहू लागला, तेव्हा ती एक दिवस उशिरा आली. तेवढीच तिची रजा.

मग उन्हाळे बदलले. सूर्यकड्यावरचे मणी उन्हाने भाजू लागले, वाइन जड आणि थकलेली होऊ लागली. आणि ज्या खळग्यावर काही पिकत नव्हते तिथे द्राक्षे सावकाश, ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत, सालीत आंबटपणा राखून पिकू लागली. हे माझे कर्तृत्व नाही. मी फक्त तिथे होते. पण गेली सात-आठ वर्षे लोक हॅम्बुर्गहून, कोपनहेगनहून माझ्या पायऱ्या चढून येतात आणि बाटल्या आधीच सांगून ठेवतात.

८. गेल्या वर्षी सप्टेंबरात गेरनोट आला. हातात आलुबुखारचा केक. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आत्या, एकटीनं किती दिवस हा डोंगर चढणार?"

"पाय आहेत तोवर."

"खळगा आमच्यात मिसळू. कुटुंबाचं कुटुंबात राहील. तुझं नाव ठेवू बाटलीवर, हवं तर."

"कुठलं नाव? वालबुर्गा की साखरवाली?"

त्याने केक कापायला सुरुवात केली. त्याला गोष्ट गावाने सांगितली तशीच माहीत आहे. मी त्याच्या बापाला बुडवले, आणि बापाने मोठ्या मनाने मला एक मळा दिला, अशी.

"ती पोलिश बाई तुझ्या कानाला लागते," तो म्हणाला. "तिला काय कळतं यातलं?"

"तिला वास येतो," मी म्हटले.

म्हातारी भरकटली, असे त्याला वाटले असणार. गेरनोट, हे वाचशील तेव्हा त्या वाक्याचा अर्थ तुला लागेल. तुझ्यावर माझा राग नाही. तू तेव्हा खांद्यावर होतास. पण खळगा तुला नाही.

गेरनोटला मी १९८४ ची एक बाटली देत आहे. तळघराच्या मागच्या कोनाड्यात, मेण लावून ठेवली आहे. पिंपे ओतली त्या दिवशी मी ती भरून एप्रनमध्ये लपवली होती. त्याने ती उघडावी आणि चाखावी. साखर त्याच्या बापाची, सही माझी, ऊन कोणाचेच नाही.

९. बँकेत जे असेल त्यातून आधी माझी क्रिया उरकावी, मग छपराची पश्चिमेकडची बाजू दुरुस्त करावी, तिथे गळते. उरेल ते हालिनाचे. माझी छाटणीची कात्रीही तिचीच. तिला ती लहान पडते हे मला माहीत आहे, तरी दुसऱ्या कोणाला देऊ नये.

हालिनाला एकच अट आहे. बाटलीवर तिने स्वतःचे नाव घालावे. माझे नाही, बार्त्सेन नाही. उच्चार लोकांना जमत नसेल तर लोकांनी शिकावा. वर्षाच्या आत तिने हे स्वीकारले नाही तर खळग्यावरचे सगळे वेल मुळापासून काढावेत आणि जागा जंगलाला सोडावी. ती कोणालाही विकू नये.

मागच्या रविवारी हे इथवर मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "वरच्या बांधाचा कोपरा हिवाळ्यात धरायला हवा, बाई. नाहीतर मार्चमध्ये खाली येईल." मी हा होकार समजते.

१०. आता लुडविनबद्दलचे शेवटचे.

२०१७ च्या नोव्हेंबरात त्याने मला बोलावले. त्याला फुप्फुसाचा आजार होता आणि त्याचे फार दिवस उरले नव्हते. दुपार होती. रोस्वीथा बाहेर गेली तसा म्हणाला, "सारच्या पत्राचं मला माहीत होतं."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"रोस्वीथानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. कोट दाखवला होता. मला झोप लागत नव्हती, बुर्गा. तू गेली असतीस तर वाइन कोण करणार होतं? सगळ्यांना कळलं असतं, लुडविनला काही येत नाही." थोडा दम घेऊन तो पुढे म्हणाला, "तपासनीस आले ना, तेव्हा घाबरलो. पण आतून वाटलं, बरं झालं. आता ती जाणार नाही."

बत्तीस वर्षे मी समजत होते की मी त्याला तुरुंगापासून वाचवले. लेकरांसाठी. आईसाठी. ते सोसता येत होते.

त्याने विचारले, "मला माफ केलंस का?"

मी त्याचे पांघरूण नीट केले आणि म्हटले, "तुझ्या औषधाची वेळ झाली. रोस्वीथाला पाठवते." घरी आले आणि पिंपे धुतली. चौथ्या दिवशी तो गेला.

तो राखाडी कोट कपाटात आहे, दुकानाच्या चिठ्ठीसकट. तो रोस्वीथाला द्यावा. रंग तिनेच निवडला होता.

आमच्या कुटुंबाच्या कबरीत लुडविनच्या शेजारी एक जागा राखलेली आहे. मला तिथे ठेवू नये. भिंतीलगतच्या रांगेत, जिथे सावली असते, तिथे कुठेही चालेल. आणि पाद्रीबाबांनी माझ्या अंत्यविधीला असे म्हणू नये की बहीणभाऊ आता शांततेने एकत्र आले. वालबुर्गाने भावाला माफ केले, असेही कोणी म्हणू नये. मी केलेले नाही. दोन वर्षे दर रविवारी त्याच्या कबरीपर्यंत जाते, फुलांना पाणी घालते, आणि ते शब्द तोंडात धरून पाहते. येत नाहीत.

मृत्युपत्र जिवंतपणी केव्हाही बदलता येते, असे वकील म्हणाले. वरच्या नऊ कलमांतला एक शब्दही मी बदलणार नाही. या दहाव्या कलमाखाली मात्र मी चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. वकील म्हणाले, अशा कागदावर कोरी जागा ठेवू नये. मी ठेवली आहे.

.......................................................

.......................................................

.......................................................

.......................................................

हे सर्व मी शुद्धीत, स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले आणि साक्षीदारांपुढे सही केली.

ठिकाण: कालेनबाख
दिनांक: ११ नोव्हेंबर २०१९

(सही) वालबुर्गा बार्त्सेन

साक्षीदार:

आम्ही खाली सही करणारे असे लिहून देतो की वरील मजकूर आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, श्रीमती बार्त्सेन यांनी आमच्यासमोर सही केली, आणि सहीच्या वेळी दहाव्या कलमाखालच्या चारही ओळी कोऱ्या होत्या.

(सही) आलोइस केटर्न, निवृत्त पिंपकार, कालेनबाख
(सही) डॉ. इर्मिना पाउली, कालेनबाख